जीवाश्माचे ग्रीक नाव

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्याने एकाच वस्तूची वेगवेगळी नावे शेजारी ठेवून पाहायची मला सवय आहे. मराठीत ‘जीवाश्म’ म्हणजे दगड झालेला जीव. अरबीत त्यालाच ‘उहफूरा’ म्हणतात. त्याचे मूळ ‘हफर’, म्हणजे खणणे. पहिले नाव वस्तूचे काय झाले ते सांगते, दुसरे ती कशी मिळाली ते.

ग्रीक भाषेत या दोन्ही तऱ्हा जुन्या काळीच दिसतात. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने दगडांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात जमिनीतून निघणाऱ्या हस्तिदंताला तो ‘ओरिक्तोस’ म्हणतो, म्हणजे खणून काढलेला. लगेच पुढे दगड झालेल्या भारतीय वेताचा उल्लेख येतो. तिथले क्रियापद ‘लिथोस’, म्हणजे दगड, या शब्दावरून आले आहे. आजच्या ग्रीकमधला जीवाश्माचा शब्द ‘अपोलिथोमा’ त्याच कुळातला. आपल्या ‘जीवाश्म’चा जवळचा सोबती तोच.

पश्चिम युरोपात मात्र खणण्याचा शब्द रुजला. लॅटिन ‘फोडेरे’ म्हणजे खणणे, त्यावरून ‘फॉसिल’. १५४६ साली जर्मन विद्वान ॲग्रिकोला याने ‘दे नातुरा फॉसिलियम’ हा ग्रंथ छापला, तेव्हा मीठ, रत्ने, खनिजे ही सारी ‘फॉसिल’च होती. प्राचीन जीवांचे अवशेष एवढाच अर्थ उरायला पुढे दोन शतकांहून अधिक काळ गेला.

पण शब्द ठरला नव्हता म्हणून विचार थांबला नव्हता. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी ‘किताब अल-शिफा’मध्ये प्राणी आणि वनस्पती दगड कसे होतात, याची कारणमीमांसा केली आहे. या भागाचा १२००च्या सुमारास लॅटिन अनुवाद झाला आणि तो ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाला जोडला गेला. पुढे युरोपात अनेकांनी तो ॲरिस्टॉटलचाच समजून वाचला.

यावरून ‘सगळे आमच्याच पूर्वजांनी शोधले’ असे म्हणायचे कारण नाही. इब्न सीना स्वतः ॲरिस्टॉटल वाचूनच पुढे गेले होते. मुलांना मी एवढेच सांगतो : ग्रीक, अरबी, लॅटिन या भाषांनी एकमेकींकडून घेतले आहे. घेताना कुणाचे नाव गळले असेल, तर ते परत लिहिणे हे इतिहासाचे काम आहे.