पाखरांची साक्ष

मंडळी, पूर्णा हे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी रेल्वेचे जंक्शन उभे राहते. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गाडी इथे थांबते आणि हिंगोली-अकोल्याकडचा फाटा इथेच फुटतो. पण ज्या नदीवरून गावाला नाव पडले, ती नदी रेल्वेच्या कितीतरी आधीची. विदर्भातून वाहत तापीला मिळणारी पूर्णा वेगळी आणि आपली पूर्णा वेगळी, हे गुरुजींनी मुलांना आवर्जून सांगावे. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, येलदरी आणि सिद्धेश्वर या दोन धरणांतून खाली उतरते आणि पूर्णा तालुक्यातच गोदावरीला मिळते.

आता असे समजा, की थंडीच्या दिवसांत तुम्ही या नदीकाठी एका सकाळी गेलात आणि पलीकडच्या वाळूत नारिंगी रंगाची बदकांची एक जोडी बसलेली पाहिली. घरी येऊन तुम्ही सांगितले, "आज नदीवर चक्रवाक आले होते." घरचे लोक मान डोलावतील. पण पक्ष्यांचा अभ्यास करणारा एखादा माणूस लगेच विचारील, "कशावरून?" प्रश्न रास्त आहे. आज आपण या 'कशावरून'चाच इतिहास पाहणार आहोत, कारण या एका प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांत बंदुकीपासून निघून तुमच्या-आमच्या हातातल्या कॅमेऱ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला उत्तर एकच होते : पक्षी मारून दाखवा. त्या काळी दुर्बिणी बेताच्या होत्या आणि उडत्या पाखराचा फोटो काढणे फार अवघड होते. म्हणून अभ्यासक बंदूक घेऊन हिंडत. पाखरू पाडायचे, त्याचे कातडे सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची; चिठ्ठीवर गाव, तारीख आणि मारणाऱ्याचे नाव. असल्या कातड्यांचे पेटारेच्या पेटारे संग्रहालयांत जात. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव तुम्ही काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचले असेल. तेच ह्यूमसाहेब हिंदुस्थानातले मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. १८८५ साली काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याच वर्षी त्यांनी आपला पक्षी, अंडी आणि घरटी यांचा सुमारे ८० हजार नमुन्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. एका माणसाचा हा संग्रह! यावरून त्या काळच्या साक्षीची किंमत कोण भरत होते, ते ध्यानात येईल.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. कॅमेरा त्या राज्यात आलेला होता. राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार, त्यांचे नाव देशभर गाजले. पण त्या काळच्या छायाचित्रांत वाघ दिसतो तो बहुधा मेलेला आणि शिकाऱ्याच्या पायाशी पडलेला. आधी बंदूक बोलायची, मग कॅमेरा.

हैदराबाद राज्यातल्या पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी झाली ती १९३१-३२ साली. ती केली डॉ. सालिम अली यांनी, आणि तिचे वृत्त मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. त्या पाहणीतही नमुने गोळा करावे लागले, शास्त्राची रीतच तशी होती. मात्र याच सालिम अलींनी आदल्या वर्षी, १९३० साली, अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीसमोर तासन् तास बसून नर खोपे कसे विणतो आणि मादी खोपा कसा पसंत करते, हे सारे नुसत्या डोळ्यांनी टिपले होते. मारलेल्या पाखराकडून जे कधीच कळले नसते, ते जिवंत पाखराने दाखवले.

आता चिठ्ठीची गोष्ट ऐका, कारण या साऱ्या इतिहासातले मर्म तिच्यात आहे. पिंगळा तुम्हाला ठाऊकच आहे. गावाबाहेरच्या जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो आणि संध्याकाळी तारेवर येऊन बसतो. त्याचा एक रानातला भाऊबंद आहे, रानपिंगळा. १८७३ साली ह्यूमसाहेबांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र हे पाखरू दिसेनासे झाले. पुढची साक्ष मिळाली ती एकच. कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातल्या एका कातड्यावर चिठ्ठी होती : १९१४, तापीकाठचे मांडवी, गुजरात. मोठा माणूस, नामांकित संग्रह. कोण शंका घेणार? पण अमेरिकेच्या पामेला रासमुसेन या विदुषींनी ते कातडे बारकाईने तपासले आणि बिंग फुटले. तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. संग्रहालयातून लांबवून, पुन्हा नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली होती!

पाखरू खरे होते, चिठ्ठी खोटी होती, आणि एवढ्यावरून कित्येक वर्षे जगाची दिशाभूल झाली. रासमुसेनबाईंनी मग खोटी जागा बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या दोन सोबत्यांसह, शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. या वेळी कोणी बंदूक उचलली नाही. पाखराचे फोटो घेतले, चित्रफीत घेतली, आणि जगाने ती साक्ष मान्य केली. पाखरू आपल्या फांदीवर जिवंत राहिले.

तर मंडळी, कॅमेऱ्याने बंदुकीची जागा घेतली ती अशी. पण ही वाट सोपी नव्हती. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला, तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले. पाखरांच्या जवळ जायचे म्हणून या भावांनी एक पोकळ बैल बनवून घेतला होता. आपण पोळ्याला मातीचा बैल करतो. त्यांनी खऱ्या कातड्याचा केला आणि त्याच्या पोटात बसून फोटो काढले! आपल्या देशात लोथर नावाच्या रेल्वेतल्या गृहस्थांनी हा छंद जोपासला आणि भारतातल्या पक्षी-छायाचित्रणावर त्यांचे पुस्तक १९४९ साली निघाले. घरट्यापाशी आडोसा उभारायचा आणि आत घाम गाळत बसायचे. पुढे लांब पल्ल्याची भिंगे आली, पण ती वजनाने जड आणि किमतीने त्याहून जड. चांगल्या दूरभिंगाची किंमत ऐकली तर बैलजोडीचा भाव स्वस्त वाटावा. त्यामुळे पाखरे राहायची खेड्यात आणि त्यांची साक्ष द्यायला माणूस यायचा शहरातून.

ही अडचण गेल्या दहा-बारा वर्षांत बरीच हटली, ती 'ब्रिज कॅमेरा' नावाच्या यंत्राने. ब्रिज म्हणजे पूल. खिशात मावणारा साधा कॅमेरा एका काठाला, भिंगे बदलता येणारा मोठा कॅमेरा दुसऱ्या काठाला, आणि हा मधला पूल. याचे भिंग काढता येत नाही, पण ते जवळचेही टिपते आणि फार लांबचेही. या लांबच्या करामतीला 'सुपरझूम' म्हणतात. २०१२ साली कॅननचा एक कॅमेरा ५० पट झूम घेऊन आला. २०१५ साली निकॉनच्या पी-९०० ने ८३ पट गाठली, आणि २०१८ च्या पी-१००० ने १२५ पट. पी-९०० चे वजन किलोच्या आत आहे, म्हणजे शाळेच्या दप्तरात सहज मावेल.

एवढी लांबची नजर एवढ्याशा यंत्रात कशी येते? त्यात जादू काही नाही. भिंगातून आलेला उजेड ज्या चकतीवर पडतो, ती या कॅमेऱ्यात फार लहान असते, सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच. मोठ्या कॅमेऱ्यात ती ३६ बाय २४ मिलिमीटर असते, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे ३० पट. चकती लहान, म्हणून भिंगही आखूड असून भागते. पण जे वाचवले ते कुठेतरी मोजावेच लागते. लहान चकतीवर उजेड कमी गोळा होतो. ढगाळ दिवशी किंवा दिवेलागणीला फोटो दाणेदार येतो. उडत्या पाखरामागे हा कॅमेरा धावू लागला की त्याला धाप लागते. बसलेला खंड्या, तारेवरचा नीलकंठ, बांधावरची टिटवी हे त्याचे खरे गिऱ्हाईक.

वापरण्याच्या चार गोष्टी सांगून ठेवतो. पी-९०० चा पूर्ण झूम लावला, की १०० मीटरवरचा जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीचा तुकडा चौकटीत मावतो. सुईच्या नाक्यातून शेत पाहावे तसे होते, आणि पाखरू सापडतच नाही. म्हणून आधी झूम कमी ठेवा, पाखराजवळची एखादी ओळखीची खूण धरा, बाभळीची वाळकी फांदी म्हणा की पाण्यातला काळा दगड, आणि तिच्यावर नजर ठेवून हळूहळू जवळ या. दुसरी गोष्ट, हात अधांतरी ठेवू नका. झाडाला, खांबाला किंवा बांधाला टेकवा. तिसरी आपल्या मुलखाची आहे. काळ्या जमिनीवर ऊन चढले की हवा थरथरते. भिंग पाखराला मोठे करते तसे त्या थरथरीलाही मोठे करते, आणि मग कितीही भारी यंत्र असले तरी चित्र विरघळल्यासारखे येते. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे. चौथी गोष्ट, भिंगाचा झूम संपल्यावर कॅमेरा जो 'डिजिटल' झूम देऊ करतो तो घेऊ नये. ते दुधात पाणी घालून माप वाढवणे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. चांगला फोटो आणि चांगली साक्ष या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सुंदर चित्राखाली गाव नाही, तारीख नाही, तर त्याची अवस्था चिठ्ठी हरवलेल्या कातड्यासारखी होते. उलट अंधुक फोटो असेल, पण पाखरू ओळखू येत असेल आणि खाली खरे ठिकाण, दिवस, वेळ आणि संख्या लिहिली असेल, तर तो शास्त्राच्या कामाचा. म्हणून कॅमेऱ्यातले घड्याळ आणि तारीख आधी बरोबर लावा. मूळ फोटो जपून ठेवा. हल्ली संगणक नसलेले पाखरू फांदीवर बसवू शकतो, त्यामुळे चिठ्ठी बांधणाऱ्याचा प्रामाणिकपणा पूर्वीपेक्षा अधिकच मोलाचा झाला आहे. कर्नलसाहेबांची गोष्ट विसरू नका.

अशा साक्षी आता वाया जात नाहीत. 'ई-बर्ड' नावाच्या जागतिक नोंदवहीत कोणालाही आपल्या नोंदी विनामूल्य घालता येतात. भारतातल्या सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या अशा नोंदींवरून २०२३ साली देशातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती मांडणारा अहवाल निघाला. कुठली पाखरे कमी होत आहेत, हे सरकारला आणि शास्त्रज्ञांना त्यावरून कळते. पण ज्या गावातून नोंद जात नाही, ते गाव अशा हिशेबात कोरेच राहते.

आणि मंडळी, आपला मुलूख बदलतो आहे. धरणे झाली, कालवे आले, ज्वारीच्या जागी ऊस आणि केळी आली. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरत, आणि माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी मंडळी अजून गावोगाव आहेत. त्यांना विचारा, पूर्वी थवे केवढे असत. म्हाताऱ्या माणसांना विचारा, माळावर त्यांनी माळढोक पाहिला होता का. एके काळी दख्खनच्या माळांवर वावरणारे हे पाखरू आता साऱ्या देशात दीडशेच्या आसपासच उरल्याचे मानले जाते, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. त्यांच्या आठवणी खऱ्या असतील, पण त्यांना तारीख नाही. आज तुम्ही जे लिहून ठेवाल, त्याला तारीख असेल.

एक पथ्य मात्र पाळायचे. लांब भिंगाचा खरा फायदा हा, की आपल्याला लांब राहता येते. नदी सुरय आणि टिटवी उघड्यावर अंडी घालतात. आपण फोटोसाठी जवळ गेलो की पक्षीण उठते, अंडी उन्हात भाजतात किंवा कावळा नेतो. घरट्याचा फोटो घेऊ नये आणि त्याची जागा चारचौघांत सांगू नये. साक्ष देताना आरोपी होण्याची वेळ येऊ नये.

गुरुजी, शेवटची विनंती तुम्हाला. शाळेत मुलांची हजेरी आपण रोज घेतोच. एक जुनी वही पाखरांच्या हजेरीसाठी ठेवा. गावात एखाद्याकडे असा कॅमेरा असेल तर त्याला महिन्यातून एकदा मुलांबरोबर नदीवर न्या. नसेल तरी वही थांबवू नका, कारण ती डोळ्यांनी भरते. रकाने पाचच आखा : तारीख आणि वेळ, ठिकाण, पाखरू, किती, आणि कोणी पाहिले. ज्याची खात्री नाही ते लिहायचे नाही, एवढाच नियम. पाचव्या रकान्यात मुलाचे पूर्ण नाव लिहा, म्हणजे कोणी "कशावरून?" असे विचारले, तर उत्तर द्यायला ते मूल स्वतः उभे राहील.