आलेलुयाच्या शेवटच्या ‘आ’मधून

मिस्सा या ख्रिस्ती उपासनेत शुभवर्तमानाच्या वाचनाआधी ‘आलेलुया’ गायचं आणि त्यातला शेवटचा ‘आ’ लांबच लांब फिरवत न्यायचा, ही पश्चिमेकडच्या चर्चची जुनी रीत. आनंद मावेनासा झाला की माणूस बिनशब्दांचं गातो, असं संत ऑगस्टीन सांगून गेला होता. पण हा आकार पाठ करणाऱ्यांचे हाल होत. नवव्या शतकातली स्वरचिन्हं चाल वर जाते की खाली एवढंच दाखवत. नेमका सूर गळ्यात बसवावा लागे.

आजच्या स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालन मठात नोटकर नावाचा तरुण साधू होता. बोलताना अडखळायचा, म्हणून ‘तोतरा’ हेच त्याचं टोपणनाव पडलं. या लांब चाली आपल्या मनातून निसटून जात, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. अशात ज्युमिएज मठातला एक साधू तिथे आला. नॉर्मन लुटारूंनी त्याचा मठ उद्ध्वस्त केला होता. त्याच्याजवळच्या पोथीत या चालींवर शब्द बसवलेले होते. युक्ती नोटकरला आवडली, रचना मात्र रुचल्या नाहीत. तो स्वतः लिहू लागला.

लिहिलेलं त्याने गुरू इसोला दाखवलं. इसोने कौतुक केलं आणि चूकही दाखवली: चालीच्या प्रत्येक हालचालीला स्वतंत्र अक्षर हवं. ‘आलेलुया’तल्या ‘या’वरचे स्वर नोटकरने लगेच दुरुस्त केले, ‘ले’ आणि ‘लु’वरचे अशक्य वाटून सोडून दिले. पुढे तेही जमले. दुसरा गुरू मोएंगल इतका खूश झाला की त्याने ती पदं गुंडाळ्यांवर उतरवून मुलांना गायला दिली.

हे सगळं नोटकरने सुमारे ८८४ मध्ये आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. कल्पना आपली नव्हे, हे तो लपवत नाही, याचं मला फार मोल वाटतं.

चालीवर बसवलेल्या अशा पदाला सीक्वेन्स म्हणतात. एरवी शब्दांना चाल लावतात. इथे चाल आधी होती, शब्द तिच्या मापाने बेतले गेले. म्हणून ओळी लहानमोठ्या, यमक-वृत्ताचं बंधन नाही. बहुतेक ठिकाणी चालीचा एक तुकडा दोन वेगळ्या ओळींना लागोपाठ येई आणि गायकांचे दोन गट त्या ओळी आळीपाळीने म्हणत. सांक्ट गालनच्या काही हस्तलिखितांत शब्दांशेजारी, समासात, चालीची चिन्हं सलग काढलेली दिसतात. आकार आणि अक्षरं तिथे एकाच पानावर आहेत.

बाराव्या शतकात पॅरिसला, सेंट व्हिक्टर मठातल्या ॲडमच्या हाती, सीक्वेन्स ठाशीव लयीचं, यमकबद्ध झालं. युरोपभर अशी हजारो पदं रचली गेली. ट्रेंटला भरलेल्या कॅथॉलिक धर्मसभेनंतर निघालेल्या १५७० च्या मिस्साग्रंथात त्यांतली चारच उरली. नोटकरचं त्यांत एकही नव्हतं. पाचवं, ‘स्टाबात मातेर’, १७२७ मध्ये आत आलं.