‘कोयता’ : तळटीप
१. कोयता : इथे हत्यार नव्हे, जोडपे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती बहुधा नवऱ्याच्या हाती, आणि बायकोची मजुरी त्याच आकड्यात विरघळून जाते. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते ती मात्र तीच. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. खाडा झाला की पैसे कापतात. पाळीमुळे खाडे नकोत म्हणून बीड जिल्ह्यातील बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. लेखकाने ‘दहा कोयते’ लिहिले आहे तिथे वाचकाने वीस माणसे मोजावीत. (संपा.)