मराठी ख्रिस्ती आत्मकथने
एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती मंडळीत आलेल्या मराठी भाषिकांनी आपल्या धर्मांतराविषयी व नंतरच्या जीवनाविषयी लिहिलेल्या हकीकती. त्यांतील आरंभीचे महत्त्वाचे लेखन म्हणजे बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे अरुणोदय होय. परमहंस सभेचे सभासद असलेल्या पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये झाला. त्यांच्या कथनात ग्रंथवाचन, वाद व शंका यांना प्राधान्य आहे.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रेमधील प्रवास निराळा आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. धर्म पतीने बदलला. घर मात्र पत्नीचे मोडले. लहानग्या दत्तूसह त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरास गेला. पुढे पतीजवळ आल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. आधी जातिभेद गळाला, मग श्रद्धा जडली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम कोणत्याही धर्मशास्त्रीय युक्तिवादापेक्षा बोलका आहे.

टिळकांना मंडळीतही परकेपणा जाणवला. पाश्चात्त्य वळणाची उपासना त्यांना उपरी वाटे. म्हणून त्यांनी अभंग-कीर्तनाचा आश्रय केला. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. १९१९ मध्ये ते निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले.