१७. इंचमपल्ली-भोपालपट्टणमविरुद्धची एकजूट

इंचमपल्ली (गोदावरी) आणि भोपालपट्टणम (इंद्रावती) ही नियोजित धरणे. त्यांच्या बुडिताचे सावट सिरोंचा-भामरागड भागातील माडिया-गोंड गावांवर, तसेच इंद्रावतीपलीकडच्या बस्तरवर होते. त्याविरुद्ध १९८०च्या दशकात ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभे राहिले. चांद्याचे माजी खासदार लालश्याम शाह व बाबा आमटे त्यात पुढे होते. पण त्याचे खरे बळ गावागावांतून पायी निघालेली माणसे होती; १९८४मध्ये हेमलकशाला त्यांचा मोठा मेळावा भरला. इंद्रावती ही महाराष्ट्राची सीमा असली तरी दोन्ही काठांवर सोयरीक एकच, म्हणून ही एकजूट राज्यांच्या हद्दींत अडकली नाही. आदिवासींचे गाव बुडवणे सोपे, असे मानणाऱ्या भेदभावाला तिने ठाम नकार दिला. दोन्ही धरणे बांधली गेली नाहीत. सिरोंचाजवळचा मेडीगड्डा बंधारा हा निराळा, कालेश्वरम प्रकल्पातला. त्याचे उद्घाटन २०१९मध्ये झाले. वाचकांनी त्याची या दोन धरणांशी गल्लत करू नये. —संपा.