डुक्कर, शुद्ध जातीचे : वेताची नोंद व नराच्या अटी

डुकरिणीला एका वेतात झालेली पिले जातीच्या वंशावळ-नोंदवहीत एकत्र नोंदवण्याची पद्धत. अमेरिकेत ती चांगली रुळलेली आहे. तेथील अमेरिकन बर्कशायर असोसिएशन 1875 साली स्थापन झाली. यॉर्कशायर, ड्युरॉक, हॅम्पशायर व लँड्रेस या जातींच्या नोंदी नॅशनल स्वाइन रजिस्ट्री ठेवते. अर्जात वेताची तारीख, नर-मादी पिलांची संख्या आणि मायबापांचे नोंदणी क्रमांक लागतात. नर दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर त्या मालकाचा दाखला आणि कृत्रिम रेतन केले असेल तर रेताचा दाखला मागितला जातो. नराविषयीची ही काटेकोर चौकशी काहींना जाचक वाटते. पण नोंदवहीची विश्वासार्हता टिकते ती तिच्यामुळेच.

पिलांची आई डोळ्यांसमोर असते, बाप मात्र कागदावरूनच कळतो. डुकरिणीचा माज दोन-तीन दिवस टिकतो आणि त्या काळात तिची अनेक स्त्रीबीजे सुटतात. त्यामुळे एकाच माजात दोन नर दाखवले, तर एका वेतातल्या पिलांचे बापही दोन असू शकतात. गर्भकाळ सुमारे 114 दिवसांचा असल्याने भरवल्याची तारीख पडताळता येते, पण नर कोणता हे तारखेवरून कळत नाही. शिवाय डुकरीण वर्षाला साधारण दोनच वेते देते, तर कृत्रिम रेतनाच्या नराचे रेत अनेक कळपांत पोहोचते. म्हणून मादीच्या नोंदीतली चूक थोड्या पिलांपुरती राहते. नराच्या नोंदीतली चूक साऱ्या जातीत पसरू शकते. डुकराला ताण सोसतो की नाही हे ठरवणाऱ्या ताण-जनुकाचे उदाहरण बोलके आहे. त्याची निर्दोष प्रत व सदोष प्रत अशी जोडी असलेला नर धडधाकट, मांसलच दिसतो. पण दोन्ही प्रती सदोष असलेले पिलू ताणाने दगावू शकते आणि त्याचे मांस फिके, पाणचट निघते. या दोषामागचा जनुकीय बदल 1991 साली उघड झाला, तेव्हापासून चाचणीने असा वाहक नर ओळखता येतो.

मग डीएनए चाचणी असताना कागदपत्रे कशाला, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण चाचणी फक्त सांगितलेला बाप खरा की खोटा हे ठरवते. सांगणारी मूळ नोंद आधी असावी लागते. त्या नोंदीशी पिलू जोडणारी खूण त्याच्या कानांवर असते. उजव्या कानावरच्या खाचा वेताचा क्रमांक दाखवतात, डाव्या कानावरच्या पिलाचा. खाचेच्या जागेनुसार तिची किंमत 1, 3, 9 अशी ठरते. उजव्या कानावर 9, 3 व 1 च्या जागी आणि डाव्यावर 3 व 1 च्या जागी एकेक खाच असेल, तर ते तेराव्या वेतातले चौथे पिलू. खाचा जन्मानंतर लगेच पाडल्या नाहीत आणि पिले एकमेकांत मिसळली, तर नंतरची चाचणीही प्रत्येक पिलासाठी वेगळी करावी लागते.

नोंद म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे, हा दुसरा आक्षेप खरा आहे. वाढीचा वेग व मांसाचा दर्जा वेगळा मोजावाच लागतो. मात्र बाप चुकीचा लिहिला असेल, तर ती मोजमापे भलत्याच नराच्या नावावर जमा होतात. भारतात कर्नालचे राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो गोव्याच्या आगोंद गोवनसारख्या जातींना नोंदणी देते; ती मान्यता जातीला असते, एकेका वेताला नव्हे. अशा जातींचा शुद्ध वंश राखायचा, तर वेतागणिक बापाची खात्रीची नोंद ठेवण्याला पर्याय नाही.