ठराव झाला, पण पाणी कधी मिळालं?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण १ मेची ग्रामसभा दरवर्षी येते आणि दरवर्षी तशीच जाते, म्हणून एकदा नीट लिहितोय.

आधी माझी चूक कबूल करतो. टेंभुर्णीत राहून कितीतरी वर्षं मी ग्रामसभेला गेलोच नाही. गेलो तेव्हा हजेरीच्या वहीत सही केली आणि चहाला बाहेर पडलो. आत वार्षिक प्रशासन अहवालाचं वाचन चाललेलं. ठराव क्रमांक अमुक, सूचक तमुक, अनुमोदक फलाणे, सर्वानुमते मंजूर. मला वाटायचं, कागदी काम आहे, आपल्याला काय करायचंय?

मग महाडचा इतिहास नीट वाचला आणि ठराव म्हणजे काय चीज असते ते कळलं.

२० मार्चला आपण सगळे चवदार तळ्याचे फोटो टाकतो. पण ती गोष्ट एका छोट्या नगरपालिकेच्या कारभाराचीही आहे, हे बाजूलाच राहतं. महाड हे कोकणातलं, सावित्री नदीकाठचं व्यापारी गाव. त्या काळी जिल्हा कुलाबा. गावात तळं, तळ्याचा ताबा नगरपालिकेकडं. म्हणजे आजच्या भाषेत सार्वजनिक पाणीपुरवठा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. सरकारनं तसे आदेश खालपर्यंत पाठवले. महाड नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी सुधारक माणसं होती. १९२४ साली नगरपालिकेनं ठराव केला, चवदार तळं सर्वांना खुलं.

आता बघा. कागदावर काम फत्ते. त्या वर्षीचा अहवाल कुणी वाचला असता तर टाळ्याच वाजवल्या असत्या. पण त्यानंतर तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कुणालाही त्या तळ्यावर पाणी भरता आलं नाही. ठराव वहीत होता आणि पहारा गावाच्या मनात.

असं फक्त महाडलाच होत नव्हतं. म्हणून बोल्यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा! नुसत्या ठरावानं भागत नाही, पैशाची नाडी आवळावी लागते, हे या माणसानं जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नगरपालिकेनं जे मंजूर केलं होतं, तेच त्यांनी वापरून दाखवलं. पुढं काय झालं? परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. तळं बाटलं म्हणून ‘शुद्धी’ झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं १९२४ चा ठराव रद्द केला. तीन वर्षं कुणी वापरला नाही तोवर ठराव सुरक्षित होता. लोकांनी वापरल्यावर पाच महिन्यांत गेला.

नंतर तळं खाजगी आहे म्हणून दावा गुदरला गेला. तो जवळपास दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला. तळं नगरपालिकेच्या मालकीचं आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही, असं ठरलं. म्हणजे तळं कुणाच्या मालकीचं, यावरच एवढा झगडा. आपल्या पंचायतीतही स्थावर मालमत्तेची नोंदवही असते. ती आपण कधी पाहिलीय का?

आता आपल्याकडं येऊ. आपल्याला समुद्र नाही, पण शेजारी उजनी आहे. ११७ टीएमसीचं धरण. त्याचं पाणी पाइपलाइननं शंभर किलोमीटरवरच्या सोलापूरला जातं. पाणी जवळ असणं आणि पाणी मिळणं यात फरक असतो, हे या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१९५८ चा ग्रामपंचायत कायदा काय म्हणतो? आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत पहिली ग्रामसभा घ्यायची. तिच्यापुढं मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाची कामं आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवायचे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२२ पासून पंचायतींच्या अनुदानातले ६० टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून ठेवले. बोल्यांच्या १९२६ च्या ठरावाचीच ही लांबची नातवंडं म्हणा ना.

पण गणपूर्तीला लागतात फक्त १०० माणसं किंवा १५ टक्के मतदार, यातले जे कमी असेल ते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे आपण घरी बसलो तरी अहवाल मंजूर होतोच!

मी कुणा एका पंचायतीवर बोट ठेवत नाही. माझं म्हणणं आपल्याला उद्देशून आहे. ‘खर्च केला’ ऐकलं की विचारायचं, कुठल्या वस्तीत? ‘नळ दिले’ ऐकलं की विचारायचं, पाणी किती दिवसाआड येतं? गेल्या वर्षीचे किती ठराव झाले आणि त्यातले किती जमिनीवर आले? भांडायचं नाही, फक्त विचारायचं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं. शेवटच्या वस्तीतल्या बाईनं हात वर केला तर तिला आधी बोलू द्यायचं.

येत्या १ मेला मी आत बसणार आहे. चहा सभा संपल्यावर. येताय ना?